आर्काइव्ह आणि सांस्कृतिक स्मृतीच्या अभ्यासात शिरायचंय, पीएचडी नाही, सुरुवात कुठून करू?

कपाटातली_वही

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज एकदाचं लिहून टाकते, लांबेल जरा, सांभाळून घ्या. मी सहा वर्षं एका ग्रंथालयात कॅटलॉगिंगचं काम करतेय, एमए साहित्यात, नंतर लायब्ररी सायन्सची पदवी. पीएचडी नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका घरातून पुस्तकांची खोकी देणगी म्हणून आली, पुस्तकांच्या नोंदी नीट झाल्या, पण खोक्यांच्या तळाशी पत्रं होती, हिशेबाच्या वह्या होत्या, घरातल्या एका बाईने वर्षानुवर्षं लिहिलेली टिपणं होती, आणि त्या सगळ्याची नोंद झाली एका ओळीत: 'इतर कागद, १ खोकं'. ती ओळ मीच टाइप केली. तेव्हा हाताशी वेळ नव्हता आणि फॉर्ममध्ये दुसरा रकानाही नव्हता. पण ती ओळ काही डोक्यातून जात नाही. त्या बाईने एवढी वर्षं लिहिलं आणि आपण तिला 'इतर' करून टाकलं.

तेव्हापासून मी वाचतेय, सांस्कृतिक स्मृती, आर्काइव्ह थिअरी, जे हाताला लागेल ते. आता यात रीतसर काम करायचंय. पण फेलोशिप, ग्रँट, कॉल फॉर पेपर्स, समर स्कूल, डॉक्टोरल पोझिशन अशा इतक्या जाहिराती दिसतात की कुठली माझ्यासाठी आणि कुठली नाही हेच कळत नाही. प्रत्येक ठिकाणी 'रिसर्च प्रपोजल' मागतात आणि मी कोऱ्या पानासमोर बसून राहते. तर विचारायचं असं की पीएचडी नसताना यात कुठे जागा असते का, लायब्ररीत काम केलेल्या माणसाला लोक संशोधक म्हणून धरतात का, आणि मेमरी स्टडीज, म्हणजे समाज काय आणि कसं आठवतो याचा अभ्यास, हा खरंच टिकणारा विषय आहे की चार वर्षांची हवा? एका प्राध्यापकांनी मला तोंडावर सांगितलं की हा विषय म्हणजे इतिहास न जमलेल्यांचा इतिहास, ते जरा लागलंय.

वाचनकक्ष

तुमचं प्रपोजल लिहून झालंय, वरच्या पहिल्या परिच्छेदात. आता जरा सविस्तर सांगतो.

मी अठरा वर्षं अभिलेखागारात आहे, त्यातली बरीच वाचनकक्षाच्या टेबलावर, आणि काही वर्षं फेलोशिपचे अर्ज वाचणाऱ्या समितीतही होतो. आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज असे असतात की 'मला स्मृती आणि ओळख यांचा संबंध तपासायचा आहे, आणि त्यासाठी तुमचा समृद्ध संग्रह उपयोगी पडेल'. संग्रह समृद्ध आहे हे आम्हाला माहीत असतं हो. यातला कुठला बस्ता तुम्हाला हवाय, का हवाय, आणि तो इथे येऊनच का बघायला लागतो, एवढंच आम्ही शोधत असतो. ज्याच्या अर्जात खोक्याचा नंबर असतो तो अर्ज बाजूला काढून पुन्हा वाचला जातो, कारण त्या माणसाने आमची सूची उघडून पाहिलेली असते. मोठमोठ्या विद्यापीठांचे अर्ज यावर पडलेले मी पाहिलेत आणि नोकरी सांभाळून शोध घेणाऱ्या माणसाचा अर्ज यावरच निवडलेलाही पाहिलाय.

जाहिरातींचं म्हणाल तर आधी पैसा कशासाठी आहे ते बघा. काही पैसा तुम्हाला कागदांपर्यंत नेतो. शिकागोची न्यूबेरी लायब्ररी, न्यूयॉर्क राज्यातलं रॉकफेलर आर्काइव्ह सेंटर, जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेलची हेर्त्सोग आउगुस्ट लायब्ररी (लायब्निझ आणि लेसिंग दोघांनी जिथे ग्रंथपाल म्हणून काम केलं तीच) ही ठिकाणं त्यांच्या संग्रहावर काम करायला मुदतीच्या फेलोशिप किंवा स्टायपेंड देतात. यातल्या लांब मुदतीच्या फेलोशिपना बहुधा पीएचडी लागते, छोट्या मुदतीच्या ठिकाणी अटी सैल असू शकतात, पण प्रत्येकाची पात्रता वेगळी आणि दरवर्षी बदलते, म्हणून त्या वर्षीचीच जाहिरात वाचा, कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. माझ्याही नाही.

दुसरा पैसा कागद वाचवायला असतो, आणि तुमच्यासारख्यांचं लक्ष तिकडे जातच नाही. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम २००४ पासून चालू आहे, आर्केडिया नावाच्या निधीच्या पैशावर, नष्ट होण्याच्या बेतात असलेले संग्रह जिथे आहेत तिथेच डिजिटाइझ करायला तो पैसे देतो. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, ही त्यांची अट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण एके काळी 'वाचवणे' या नावाखाली कागद उचलून नेले गेलेत. त्यांचा भर जुन्या काळातल्या साहित्यावर असतो. विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी त्याच निधीतून कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या लायब्ररीत २०१८ ला मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम सुरू झाला. इथे तुमच्या डिग्रीपेक्षा संग्रहाची किंमत, त्याला असलेला धोका आणि ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांची संमती यांना वजन असतं. कॅटलॉगिंग येणारा माणूस इथे लागतोच, स्कॅन केलेल्या वीस हजार पानांना नोंद नसेल तर ती पानं पुन्हा 'इतर'च झाली ना.

तिसरा प्रकार पगारी डॉक्टोरल जागेचा, म्हणजे पगार घेऊन पीएचडी करायची. युरोपियन युनियनच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्कमध्ये निवड झाली तर नोकरीचा करार मिळतो, कुठल्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो. एक अट मात्र लोक विसरतात, ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. वारसा, म्युझियम, आर्काइव्ह या विषयांची नेटवर्कही त्यात असतात.

आणि अर्ज करायच्या आधी तिथल्या आर्काइव्हिस्टला एक ईमेल टाका. हे मी कळकळीने सांगतोय. माझी पहिली फेलोशिप मी यापायीच घालवली, सूचीत दिसत होते म्हणून एका संस्थेतल्या कागदांवर अख्खं प्रपोजल बांधलं आणि निवड झाल्यावर कळलं की ते दप्तर संवर्धनासाठी बंद आहे, अजून तीन वर्षं उघडणार नाही. एक ईमेल केला असता तर दुसरं दप्तर निवडता आलं असतं. सहा आठवडे मी शेजारची खोकी चाळत काढले.

आठवणींचा_अभ्यास

त्या प्राध्यापकांच्या वाक्यावर मला बोलायचंय, कारण मलाही ते ऐकवलं गेलंय आणि मी याच विषयात पीएचडी केली.

मेमरी स्टडीज कालची हवा नाही. मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ ला मांडलं की माणूस आठवतो तेव्हाही एकटा नसतो, घर, धर्म, वर्ग अशा कुठल्या ना कुठल्या गटाच्या चौकटीत बसूनच आठवतो. १९४५ ला बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत त्याचा मृत्यू झाला. नंतर १९८४ ते १९९२ या काळात पिएर नोरा यांनी संपादित केलेले फ्रान्सच्या स्मृतिस्थळांवरचे सात खंड आले, आणि त्याच सुमारास जर्मनीत यान आणि अलाइडा आसमान यांचं काम. यान आसमान इजिप्तचे अभ्यासक, त्यांनी बोलत्या आठवणी आणि सांस्कृतिक स्मृती यांत फरक केला. आजी सांगते, नात ऐकते, ती आठवण साधारण ८० ते १०० वर्षं जगते, तीन पिढ्या. पुढे टिकायचं तर तिला कागद, विधी, वास्तू, पाठांतर असं काहीतरी धरावं लागतं. 'मेमरी स्टडीज' या नावाचं जर्नल २००८ पासून निघतंय आणि २०१६ ला मेमरी स्टडीज असोसिएशन उभी राहिली, त्यांच्या परिषदा होतात, नव्या अभ्यासकांसाठी गट आहेत.

पण तुमच्यासाठी खरी कामाची गोष्ट अलाइडा आसमान यांच्याकडे आहे. त्या म्हणतात की समाजाच्या स्मृतीला दोन खोल्या असतात, एक दर्शनी, जिथे निवडलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचल्या, दाखवल्या, शिकवल्या जातात, आणि दुसरी साठवणीची, जिथे वस्तू असतात पण कुणी त्यांच्याकडे वळत नाही, टाकून दिलेल्याही नसतात आणि आठवणीतही नसतात. तुमचं 'इतर कागद' खोकं नेमकं तिथे पडलंय. आणि हैतीत जन्मलेले मिशेल-रोल्फ त्रुइयो यांनी १९९५ ला दाखवलं की इतिहासात शांतता चार ठिकाणी शिरते, कागद तयार होताना, ते जमा करून लावताना, त्यांतून गोष्ट रचताना, आणि शेवटी तिला महत्त्व देताना. बाकीचे अभ्यासक तिसऱ्या चौथ्या पायरीवर उभे असतात, दुसऱ्या पायरीवर स्वतःचे हात असलेला माणूस क्वचित भेटतो. तुम्ही ती ओळ टाइप केलीत आणि ती का तशी झाली, वेळ किती होता, रकाने कुठले होते, हे तुम्हाला आतून माहीत आहे. ग्रंथालयात काम केलेला माणूस संशोधक धरला जातो का असं विचारलंत, तुमची सहा वर्षं हीच तुमची संशोधनाची जागा आहे असं मला मनापासून वाटतं.

इतिहासाशी भांडण मात्र लावू नका. मेमरी स्टडीजमध्ये ढिसाळ काम होतं, नुसते शब्द फिरवून लेख लिहिले जातात, त्या प्राध्यापकांनी बहुतेक तसेच वाचले असतील. कागद नीट वाचलेला असला की तो आक्षेप राहत नाही.

शाई_आणि_बोरू

थिअरी ठीक आहे पण मी वेगळं सांगेन, आधी एक जुनं हस्ताक्षर नीट वाचायला शिका. लिपी, भाषा, संक्षेप, जुनी मापं, तारखा लिहायच्या पद्धती. अर्जात 'या काळातली ही लिपी मी वाचू शकतो' एवढं वाक्य खरं असेल तर फार दारं उघडतात कारण असे लोक कमी आहेत आणि न वाचलेले कागद प्रचंड. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये युद्धकाळात पकडलेल्या जहाजांवरचं टपाल आहे, कधीच पोचती न झालेली सुमारे १ लाख ६० हजार पत्रं, कितीतरी भाषांतली, आणि त्यावर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाचा प्रकल्प २०१८ ते २०३७ असा आखलाय. वीस वर्षं! एवढ्या लांबीच्या प्रकल्पांना वाचणारे, नोंदी करणारे, डिजिटल बाजू सांभाळणारे सगळे लागतात.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. मिनेसोटातली हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी १९६५ पासून जगभरच्या हस्तलिखितांच्या प्रती करतेय, त्यांच्या साइटवर ती बघायला मिळतात आणि जुन्या लिप्या शिकायचे धडेही आहेत. ट्रान्सक्रिबस वापरून बघा, इन्सब्रुकला तयार झालेलं सॉफ्टवेअर, हस्ताक्षर वाचतं. पण त्याला शिकवायला आधी तुम्हालाच पन्नासेक पानं अचूक वाचून द्यावी लागतात, आणि ते चुकतं तेव्हा फार आत्मविश्वासाने चुकतं, म्हणून जुळवून बघणारा डोळा तुमचाच लागणार.

कपाटातली_वही

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. त्रुइयोंच्या चार पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या.

एक गोष्ट अडतेय. ती पत्रं खासगी आहेत. त्यात आजारपण आहे, एका लग्नावरून झालेला वाद आहे, उसने घेतलेले पैसे आहेत. देणाऱ्या घराने पुस्तकं दिली, पत्रं तळाशी आहेत हे त्यांना माहीत तरी होतं का शंका आहे. मी यावर अर्ज केला तर तो मला मिळालेला संग्रह म्हणू की चुकून हातात आलेलं कुणाचं तरी आयुष्य? मी त्या बाईला 'इतर'मधून बाहेर काढायला निघालेय, पण तिला बाहेर यायचं होतं का?

पुसट_अक्षर

हा प्रश्न पडला हे चांगलं झालं, बरेच लोक छापून झाल्यावर याच्यापाशी येतात.

यावर सरसकट उत्तर नाही, पण लोकांनी शोधलेल्या वाटा बघण्यासारख्या आहेत. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, स्टासीच्या फायली घ्या, १११ किलोमीटर कागद, शिवाय शेवटच्या दिवसांत घाईघाईने फाडलेल्या तुकड्यांची हजारो पोती. १९९१ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि १९९२ च्या जानेवारीपासून माणसाला स्वतःवरची फाइल बघता यायला लागली. पण त्यात आलेल्या तिसऱ्या माणसांची खासगी माहिती झाकून दिली जाते. अभ्यासकाला मिळतं ते वेगळं, पीडिताला मिळतं ते वेगळं. म्हणजे कागद उघडा की बंद एवढेच दोन पर्याय नसतात, कुणाला किती उघडा हे ठरवता येतं. ग्वाटेमालात २००५ ला राष्ट्रीय पोलिसांचं सोडून दिलेलं दप्तर सापडलं, सुमारे ८ कोटी पानं. तिथे बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षं वाट बघत होते, त्यांच्यासाठी ते दप्तर बंद राहणं हाच अन्याय होता.

आदिवासी समाजांच्या नोंदींबाबत तर आता मुकुर्तूसारखं सॉफ्टवेअर आहे, ज्यात समाज स्वतः ठरवतो की ही नोंद फक्त घरच्यांसाठी, ही फक्त बायकांसाठी, ही सगळ्यांसाठी. कुटुंबाच्या कागदांनाही ही कल्पना लागू पडते.

तुमच्या बाबतीत मी तरी आधी त्या घरी जाईन. लेखी विचारा, पत्रांच्या प्रती त्यांना दाखवा, नको म्हणायची मोकळीक खरोखर द्या, आणि होकार मिळाला तर कशाला होकार हे स्पष्ट लिहून घ्या, वाचायला, उद्धृत करायला, नावासकट, इंटरनेटवर, हे सगळं वेगवेगळं असतं. त्यांनी फक्त टिपणांना हो म्हटलं आणि पत्रं परत मागितली तर परत द्या. आणि हा सगळा प्रवास प्रपोजलमध्ये लिहा, समितीला तो वाचायचाच असतो.

वाचनकक्ष

पूर्ण सहमत. त्यात भर एवढीच की होकार येईपर्यंत खोक्यातला क्रम हलवू नका. नेदरलँड्समधल्या तिघा अभिलेखपालांनी, मुलर, फाइथ आणि फ्रुइन यांनी, १८९८ ला आमच्या कामाचं जे हस्तपुस्तक लिहिलं त्याचा गाभाच हा आहे की कागद ज्या घराचे, कचेरीचे असतील त्यांच्या मूळ रचनेत राहिले पाहिजेत. कुठलं पत्र कुठल्या वहीत खोचलं होतं यालाही अर्थ असतो आणि तो एकदा मोडला की परत जुळवता येत नाही. पत्रं न वाचताही यादी करता येते: किती पानं, कुठल्या वहीत, शाई कसली, कागद कसा.

शिफारसपत्रांचंही आत्ताच सांगून ठेवतो. एक तुमच्या ग्रंथपालांकडून घ्या, दुसरं ज्याने तुमचं लिखाण वाचलंय अशा माणसाकडून, आणि किमान सहा आठवडे आधी मागा, सोबत प्रपोजलचा कच्चा खर्डा द्या. नुसतं 'मेहनती आहे' असं पत्र काही उपयोगाचं नाही. लिखाण नसेल तर या खोक्यावर चार-पाच हजार शब्दांचा एक लेख आधी लिहा. परिषदांचे आणि विशेषांकांचे कॉल, म्हणजे लेख मागवणाऱ्या जाहिराती, एच-नेट या अभ्यासकांच्या साइटवर येतात, इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्हज नव्या व्यावसायिकांसाठी कार्यक्रम चालवते, तिकडेही बघा.

कपाटातली_वही

तीन आठवड्यांनी परत येतेय. ग्रंथपालांशी बोलले, त्यांच्या परवानगीने त्या घराला पत्र पाठवलं आणि काल तिथल्या एक आजी आमच्याकडे येऊन गेल्या, वय ८४. पत्रं तळाशी होती हे त्यांना माहीत नव्हतं, पत्रं त्यांनी परत मागितली, ती मी आज बांधून ठेवली. टिपणांना होकार दिला, वाचायला आणि लिहायला, नाव न घालता. पण त्या वह्या उलटताना त्या मध्येच थांबल्या, म्हणाल्या, हे अक्षर आमच्या आईचं नाही, हे काकूचं. आई आजारी पडल्यावर काकूने पुढे लिहिलं. सहाव्या वहीत मध्यावर अक्षर बदलतं. मी त्या वह्या कितीदा पाहिल्यात, माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी सगळीकडे 'एका बाईची टिपणं' म्हणत आले, इथेसुद्धा. आता कॅटलॉगमधली ती ओळ बदलायची परवानगी मिळालीय. कशी बदलू?

वाचनकक्ष

जुनी ओळ पुसू नका. ती तारखेसकट नोंदीच्या इतिहासात ठेवा, खाली नवी लिहा: टिपणवह्या, इतक्या, दोन लेखिका, दुसरं हस्ताक्षर सहाव्या वहीच्या मध्यापासून, ओळख कुटुंबातल्या व्यक्तीच्या तोंडी माहितीवरून, अमुक तारखेला. पत्रं कुटुंबाला परत दिली हेही लिहा. 'इतर कागद' ही ओळ त्या खोक्यावर किती काळ होती हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. आणि आजी परत येणार असतील तर त्यांना विचारून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या, लवकर, आणि अक्षर बदलतं त्या पानाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा.